कोरी, एकदाही न वाजलेली

दुर्मिळ या शब्दाचा मला आताशा संताप येतो. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाल्यापासून मी जुन्या रेकॉर्डी घेतो, धुतो, वाजवून बघतो आणि विकतो. परभणीतल्या माझ्या घराची पुढची खोली त्यांनीच भरली आहे. या धंद्यातल्या मंडळींचे फोनवर ग्रुप असतात. सकाळी चहा घेताना उघडावं तर फोटो पडलेले, आणि प्रत्येक फोटोखाली तेच. अतिदुर्मिळ. पुन्हा दिसणार नाही. अरे लेका, मागच्या महिन्यात तूच तीन विकल्यास की.

ही भाषा वाचायला मला बरीच वर्षं लागली. 'वाजवून पाहिलेली नाही' असं लिहिलं असेल तर ती वाजवून पाहिलेली असते आणि ऐकून त्याचं तोंड वाकडं झालेलं असतं. 'वयोमानाप्रमाणे थोड्या रेघा' म्हणजे कोंबड्यांनी उकिरडा उकरावा तशी गत. 'कव्हर एक नंबर' म्हणणाऱ्यानं आतल्या मालाबद्दल न बोलण्याची शपथ घेतलेली असते. 'खास संग्राहकांसाठी' असेल तर ऐकणाऱ्यानं नादी लागू नये. मी स्वतः आहे ते लिहितो. दुसऱ्या कडव्यात सुई अडकते, बोटानं पुढं ढकलावी लागते, असं लिहितो. बायको म्हणते, तुम्ही विकायला बसलात का गिऱ्हाईक हाकलायला? तिचं चूक नाही. पण वस्तूबद्दल खोटं लिहायचं म्हटलं की माझा हात चालत नाही, त्याला इलाज नाही.

आणि दुर्मिळचं म्हणाल तर पुष्कळ रेकॉर्डी दुर्मिळ झाल्या त्या कुणालाच नको होत्या म्हणून. थोड्या निघाल्या, खपल्या नाहीत, फुटल्या, संपल्या. त्यांच्यामागं कुणी पळत नाही. मी मात्र अशाच एकीच्या मागं पळालो, ते माझ्या थोरल्या बहिणीसाठी.

अक्का चुडाव्याजवळच्या एका खेड्यात राहते. लेक, सून, नातवंडं असा तिचा संसार आहे. ऐंशीच्या घरात आली, पण काठी घेत नाही. कानांनी मात्र दगा दिला. मीच तिला परभणीत डॉक्टरकडं नेलं. त्यांनी यंत्रं लावून तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की नस सुकत चालली आहे, मशीन लावलं तर वर्ष, फार तर दीड वर्ष बरं ऐकू येईल, पुढचं सांगता येत नाही. अक्कानं लांबूनच माझं तोंड वाचलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "चाललेत ना कान? जाऊ दे. लय ऐकलं." मग रस्त्याकडं बघत, "त्यांची रेकॉर्ड तुझ्याकडं कधी येती का रे?"

त्यांची म्हणजे दाजींची, तिच्या नवऱ्याची. इतक्या वर्षांत तिनं हे मला कधी विचारलं नव्हतं. माझ्या घरात भिंतभर रेकॉर्डी, आणि ती येऊन त्यांच्याकडं पाठ करून बसायची. मला वाटायचं, हिला आवड नाही. मी म्हणालो, "शोधतो."

दाजी गायन पार्टीत गात. आमच्या समाजात तेव्हा गावोगाव अशा पार्ट्या होत्या. हार्मोनियम, ढोलक, एक म्होरक्या, मागं झील धरणारे चार-सहा जण, आणि सगळ्या जिल्ह्यातून जयंतीला बोलावणी. दाजी म्होरके होते. एका लहानशा कंपनीनं त्यांच्या पार्टीला शहरात बोलावून एक रेकॉर्ड काढली. जुन्या पद्धतीची, लाखेची, जड, दोन बाजूंना दोन गाणी. लेबलावर पार्टीचं नाव होतं, दाजींचं नव्हतं. वर्षभरात दाजी काविळीनं गेले. अक्काच्या कडेवर लेकरू होतं. त्यांचा एक फोटोसुद्धा नाही. होता, तो पुरात गेला. मी तेव्हा शाळेत होतो. मला त्यांचे हात आठवतात, चेहरा नीट आठवत नाही.

कंपनीनं पार्टीला रेकॉर्डीची एकच प्रत दिली होती आणि ती गावच्या लाउडस्पीकरवाल्याकडं असायची. घरी कुणाकडं वाजवायला काय होतं? गावात वीज यायची होती. त्याच्याकडं बॅटरीवरचा भोंगा आणि चावी भरायची मशीन. लग्न असो, बारसं असो, जयंती असो, भोंगा लागला की दाजींचं गाणं ठरलेलं. दाजी गेल्यावरही कितीतरी वर्षं ते वाजायचं. अक्का भांडी घासता घासता हात थांबवायची, गाणं संपेपर्यंत तशीच बसायची आणि परत घासायला लागायची. मग एका जयंतीच्या गर्दीत कुणाचा तरी पाय पडला आणि रेकॉर्डीचे तुकडे झाले. त्या दिवशी अक्का जेवली नाही एवढं मला आठवतं. त्यानंतर तिनं तो आवाज ऐकलेला नव्हता.

मी सगळ्या ग्रुपांवर टाकलं. पार्टीचं नाव, गाण्याचे पहिले शब्द, लेबलाचा रंग मला आठवत होता तो. कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले. एकानं विचारलं, कोण आहेत हे गायक, नाव ऐकलं नाही. मी लिहिलं, माझे दाजी आहेत.

काही आठवड्यांनी जिंतूरच्या एका विक्रेत्यानं फोटो पाठवला. तीच. पार्टीचं नाव वाचताना माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, खोटं कशाला सांगू. खाली लिहिलं होतं: अतिदुर्मिळ, जगात एकच प्रत, कंडिशन एक नंबर, आरशासारखी. फोटोत तबकडी खरंच आरशासारखी चमकत होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरली.

आता मी या धंद्यातला मुरलेला माणूस. लाखेची साठ वर्षांची तबकडी आरशासारखी चमकत असली तर काय समजायचं ते मला माहीत. पण त्या सकाळी अक्कल घरीच राहिली होती. दुकानात त्यानं कपड्यात गुंडाळलेली रेकॉर्ड माझ्या हातात दिली आणि वास आला. खोबरेल तेल. हा आपल्याकडचा जुना उद्योग. तेलाचा बोळा फिरवला की रेघा बुजतात, काळा रंग उजळतो, फोटो झकास येतो. तेल खोबणीत बसतं, त्यावर धूळ बसते, आणि सुईला वाट राहत नाही. मी रुमालानं पुसायला लागलो तशी तेलाखालून एक बारीक चीर निघाली, कडेपासून लेबलापर्यंत. दुसऱ्या बाजूलाही तीच. म्हणजे आरपार.

तरी वाजवून बघितली. त्याच्या मशीनवर नुसतं तडतड तडतड, आणि तडतडीच्या मागं कुठंतरी लांब, विहिरीत कुणी बोलावं तसं काहीतरी. शब्द लागत नव्हते. माझं डोकं सणकलं. म्हणालो, "एक नंबर म्हणतात याला? तेल चोळून ठेवलंस आणि वर आरसा म्हणतोस?"

तो शांतपणे म्हणाला, "काका, दिसायला एक नंबर हाय का न्हाई? वाजती असं मी कुठं लिवलं?"

त्यानं खरंच तसं लिहिलं नव्हतं. मी ती घेतलीच, कारण दाजींना त्या दुकानात ठेवून यायला मन होईना. परतीच्या एस.टी.त मांडीवर धरून बसलो होतो. घरी आल्यावर साबणाच्या पाण्यानं हळूहळू धुतली, वाळवली. चीर ती चीरच. अक्काला काही कळवलं नाही. तिचा फोन आला तर सून बोलायची, आणि मागून अक्का विचारायची, "काय म्हणायलाय?" हे विचारणं प्रत्येक वेळी जरा जास्त मोठ्यानं होत होतं.

हिवाळा संपता संपता, ग्रुपवरची माझी विचारणा वाचून, एका अनोळखी नंबरवरून संदेश आला. माणूस नांदेडकडचा. त्याच्या वडिलांचं रेकॉर्डींचं दुकान होतं, बंद पडून जमाना झाला, आता माळ्यावरचा माल उतरवत होता. त्यानं लिहिलं होतं: कोरी, एकदाही न वाजलेली. आमच्याकडे पाच आल्या होत्या, एकही गेली नाही, चार उंदरांनी आणि ओलीनं खाल्ल्या. तुम्हाला हवी असल्यास सांगा.

एवढंच. दुर्मिळ नाही, एक नंबर नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या आयुष्यात वाचलेलं हे सगळ्यात चोख वर्णन, आणि वाचून मला रडू आलं. दाजींचं गाणं दुकानात आलं होतं आणि कुणी म्हटलं नव्हतं की हे लावून दाखवा. एकदासुद्धा नाही. म्हणून ते कोरं राहिलं. आमच्या गावात ज्याची झीज होऊन खोबणी पांढऱ्या पडल्या होत्या, ते तिकडं माळ्यावर उंदरांच्या संगतीत पडून होतं.

मी जाऊन घेऊन आलो. कोरी म्हणजे खरंच कोरी. काळीभोर, मंद, कागदी पाकिटाच्या घासण्याशिवाय अंगावर काही नाही. अशी रेकॉर्ड हातात आली की आमच्यातले लोक ती वाजवत नाहीत. एकदा सुई टेकली की 'न वाजलेली' हा शब्द गेला तो गेला. मीही वाजवली नाही, पण त्या कारणानं नाही. मी ठरवलं, पहिली सुई अक्कासमोर टेकवायची.

मशीनची तयारी मात्र घरीच केली. नवी सुई बसवली. वेग तपासला. त्यासाठी माझ्याकडं रेघांची कागदी चकती आहे. ती फिरत्या मशीनवर ठेवून बल्बखाली बघायची. वेग बरोबर असला तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, कमीजास्त असला तर सरकतात. मशीनला वेग बदलायचा एक काटा आहे, तो इकडंतिकडं करून मी रेघा दगडासारख्या उभ्या केल्या. या कामात माझ्यासारखा चिकट माणूस परभणीत दुसरा नाही, हे माझे शत्रूही मान्य करतील.

पॅसेंजरनं चुडाव्याला उतरलो. मशीन एका हातात, स्पीकर खांद्याला, रेकॉर्ड दोन फळ्यांमध्ये बांधून छातीशी. भाचा मोटारसायकल घेऊन आला होता, पण मी रेकॉर्ड घेऊन मोटारसायकलवर बसणार नाही म्हणालो. म्हणून तो सामान घेऊन पुढं गेला आणि मी ऑटोनं. अक्का अंगणात वाट बघत उभी होती. तिनं धुवट लुगडं नेसलं होतं, कुंकू नसलेलं कपाळ पुसून लख्ख केलं होतं. कानात मशीन. ते सारखं चाचपत होती.

सुनेनं पंखा बंद केला, टीव्ही बंद केला, दार लोटलं, नातवंडांना शेजारी धाडलं. मी स्पीकर अक्काच्या खुर्चीजवळ ठेवला. फळ्या सोडल्या, रेकॉर्ड चढवली. सुई टेकवली.

खरखर नाही, तडतड नाही. हार्मोनियमचा सूर आला तो इतका स्वच्छ की मी दचकलो. मग ढोलक, आणि मग आवाज. उंच, कोवळा, पाण्यासारखा. एकेक शब्द सुटा. असं स्वच्छ लाखेच्या रेकॉर्डीतून मी क्वचित ऐकलं असेल. मी अक्काच्या तोंडाकडं बघत होतो. ती पुढं वाकून ऐकत होती. तिच्या तोंडावर काहीच हललं नाही.

गाणं संपलं. मी सुई उचलली. अक्का म्हणाली, "बरं गायलाय. कोण हाय हा?"

मला वाटलं, उशीर झाला. कान गेले. मी तिच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणालो, "अक्का, दाजी. दाजींची रेकॉर्ड आहे ही."

"वरडू नको, ऐकू यायलंय मला," ती म्हणाली. "शबूद न् शबूद ऐकला. गाणं तेच हाय. पण हे ते न्हाईत. पोरगा हाय कोणतरी."

"अगं, लेबलावर पार्टीचं नाव आहे."

"असंल. पार्टीत पोरंबी हुती. माझ्या नवऱ्याचा आवाज मला वळखू येत न्हाई व्हय? त्यांचा आवाज जड हुता. सावकाश. भोंगा लागला की घागरीत बोलल्यावाणी घुमायचा."

मला राग आला, खरं सांगतो. इतकी वणवण करून आणली आणि ही म्हणते पोरगा आहे. पण रागाच्या खाली मलाही कळत होतं की तिचं म्हणणं बरोबर आहे. माझ्याही कानात लहानपणापासून जो आवाज होता तो हा नव्हता. गाणं तेच, वळणं तीच, ठसका तोच, आणि माणूस दुसरा.

आणि मग मला लाउडस्पीकरवाला आठवला. त्याची चावीची मशीन जुनी होती, स्प्रिंग ढिली झालेली. पुऱ्या वेगानं लावली की अर्ध्या गाण्यात दम टाकायची आणि गाणं रडायला लागायचं. लग्नात असं झालं तर लोक हसायचे. म्हणून त्यानं वेगाचा काटा कायमचा खाली ओढून तारेनं बांधला होता. सावकाश लावली की शेवटपर्यंत एकसारखी चालायची. आम्ही पोरं विचारायचो, तार कामून बांधली? तो म्हणायचा, पळवली की मरती, चालवली की जगती. साऱ्या गावानं सारी गाणी तशीच ऐकली. दुसरी मशीनच नव्हती, तर कुणाला काय कळणार? दाजींबरोबर अक्का नांदली ती जेमतेम चार वर्षं. त्यानंतर तिनं त्यांना ऐकलं ते त्या तारेनं बांधलेल्या मशीनवर, दहा वर्षं तरी.

मी माझ्या मशीनचा काटा खाली ओढला आणि सुई परत टेकवली.

हार्मोनियम जडावली. ढोलक खोल गेलं. आणि तो आवाज आला, घुमणारा, भारदस्त, चाळिशीच्या माणसाचा. अक्काचा हात तोंडावर गेला. पदर तोंडात कोंबून ती रडायला लागली, अंग गदगदत होतं, पण आवाज येऊ देत नव्हती, गाण्यात अडथळा नको म्हणून. सून दारात उभी होती, तीही रडत होती. मी भिंतीकडं तोंड केलं. गाणं संपल्यावर अक्का म्हणाली, "हेच. हेच ते." आणि माझ्या हातावर थोपटत राहिली. मला वाटलं, झालं, माझं काम झालं. आता उठावं.

पण अक्का शहाणी बाई. डोळे पुसून झाल्यावर तिनं विचारलं, "मघाशी कामून तसं वाजलं मंग?"

मशीन बिघडली होती म्हणून सांगता आलं असतं. सून माझ्याकडं बघत होती, तिच्या डोळ्यांत तेच होतं, की मामा, सांगू नका. माझ्याही तोंडात ते आलं होतं. रेकॉर्ड विकताना खोटं बोलू नये हे ठीक. बहिणीला, या वयात, एवढं मिळालेलं असताना? मी काट्याशी उगीच चाळा करत बसलो. अक्का वाट बघत होती. लहानपणी मला अभ्यासाला बसवताना ती अशीच वाट बघायची, आणि तेव्हाही मला तिच्यापुढं थाप मारता यायची नाही.

मी सांगितलं. तार, स्प्रिंग, वेग, सगळं.

"मंजी खरा कोणता?"

"पहिला, अक्का. पहिला खरा."

तिचे हात मांडीवर पडले. मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली. मग मला नव्हे, त्या मशीनकडं बघत ती बोलली. "मंजी त्यांचा आवाज मी इसरलेच की रे. इतकी वर्सं दुसऱ्याच माणसाला ऐकायलेय." मग म्हणाली, "पोरगा म्हणले मी त्यांना."

"पोरगाच होते गं ते," मी म्हणालो. "चोवीस वर्षांचे होते."

तिनं दाराकडं पाहिलं. तिथं सुनेच्या मागं तिचा थोरला नातू येऊन उभा होता, कॉलेज संपवून नोकरी शोधणारा, मिसरूड फुटून जून झालेला. अक्का त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही म्हणेल, बंद कर ते, घेऊन जा. किंवा म्हणेल, मला माझाच दे, तो सावकाशचा. मी तिला तोच दिला असता. जन्मभर दिला असता.

तिनं पदर नीट केला. दोन्ही कानांतली मशीनं बोटानं आत दाबून बसवली आणि खुर्ची स्पीकरजवळ ओढून घेतली.

"लाव मंग तो पैलाच," ती म्हणाली. "कान हायेत तंवर वळख करून घेते."